पाचवा रकाना

देवपूर, धुळे
संक्रांतीच्या आदला रविवार

तीर्थरूप अक्कास,

रतिलालचा साष्टांग नमस्कार. (मास्तर लोक म्हणतील, थोरल्या बहिणीला 'तीर्थस्वरूप' लिहावं, 'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना. सहाव्या वर्षी आई गेलेल्या पोराला कोणी वाढवलं, हे त्या मास्तरांनी कधी विचारलेलं नाही.) पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व क्षेम' लिहायची आपली पद्धत आहे. पण तसं लिहायचा माझा अधिकार गेल्या मंगळवारी गेला, आणि तो कसा गेला हे सांगायलाच हे पत्र लिहितोय. तिकडच्या क्षेमाचं मात्र या वेळी मी सुरुवातीला विचारणार नाही. विचारलं की तू काय म्हणतेस ते मला पाठ आहे. 'माले काय धाड भरनी?' साठ वर्षं हेच उत्तर. फोनवर तर तू तेवढंही बोलत नाहीस, लेकाच्या, भिकनच्या, हातात फोन देतेस आणि पाणी भरायला जातेस (तुमच्या बोदवडला पाणी रोज येत नाही, हे मला माहीत आहे). म्हणून फोन न करता कागद घेतला. तुझ्या प्रकृतीची चौकशी मी शेवटी करीन, तोवर निवांत वाच.

तर झालं असं, की आपल्या लेकीने, पुनमने, सिंगापूरहून आमच्या लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला बोटीची सहल पाठवली. चार रात्री, पाच दिवस. बोट म्हणजे तापीतली नाव डोळ्यांपुढे आणू नकोस. सोळा मजली आहे, आणि वरच्या मजल्यावर पोहायचा तलाव आहे. समुद्रावर जाऊन पुन्हा तलावात कोण उतरतं, हे मला कळलेलं नाही. तुझी भावजय सुनंदा हिला त्या सोळा मजल्यांचं काही वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं, की तिथे वांगी भाजायला विस्तव मिळतो का. मिळत नाही कळल्यावर तिने कळण्याच्या भाकरीचं पीठ, शेव आणि ठेचा यांची बांधाबांध सुरू केली. आम्ही सहलीला चाललोय की पांगलेल्या नातेवाइकांना डबा द्यायला, असं कोणालाही वाटावं. पण बोटवाल्यांची एक अट निघाली. पासष्टच्या वरच्या माणसाने प्रवासाचा विमा काढल्याशिवाय पायरी चढायची नाही, आणि विमाही साधा चालत नाही, आधीपासूनच्या आजारांसकट काढायचा. विमा मंजूर झाला नाही तर सहल रद्द. मी एकाहत्तरचा, ती सदुसष्टची. पंचेचाळीस वर्षांत मी तिला सप्तशृंगीच्या पलीकडे कुठे नेलं नाही (नेणार होतो, दरवर्षी नेणार होतो), त्यामुळे ही सहल हुकली असती तर मी तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघितलं असतं, मला माहीत नाही.

विम्याचं काम हेमलता करते. गल्लीतल्या अभिमन शिंप्याची मुलगी, शांत आणि हुशार. तिने सोमवारी अर्ज पाठवला आणि म्हणाली, नाना, तुम्ही भरून ठेवा, मी उद्या येऊन बघते. आता अर्ज भरणं म्हणजे माझा हातखंडा. बसस्टँडसमोरच्या त्या टायपिंगच्या दुकानात मी छत्तीस वर्षं काय केलं? अर्ध्या जिल्ह्यातल्या पोरापोरींचे लग्नाची परिचयपत्रं टाईप केली. त्यात कधी खोटं लिहिलं नाही, पण सगळं खरंही लिहिलं नाही. तीन नोकऱ्या सुटलेला पोरगा आला की 'विविध क्षेत्रांचा अनुभव'. बोलताना अडखळणारा आला की 'मितभाषी' (त्याचा संसार आज बावीस वर्षं उत्तम चाललाय, घरात एकाने मितभाषी असावंच). आणि प्रकृतीच्या रकान्यात तर माझी बोटं आपोआप चालायची: 'उत्तम'. दमेकरी असो, मुतखडेवाला असो, उत्तम. त्याच हाताने मी विम्याचा अर्ज भरला. उंची दोन बोटं वाढवली. वजन लग्नातलं लिहिलं. सवयींच्या रकान्यात 'निर्व्यसनी, मनमिळाऊ, पहाटे उठणारा'. पाचवा रकाना आजारांचा होता. तिथे माझ्यापुढे आणि सुनंदापुढे, दोन्हीकडे, ठसठशीत लिहिलं: 'प्रकृती उत्तम'. खाली जागा उरली म्हणून 'अपेक्षा' असं शीर्षक घालून 'कंपनी सुसंस्कृत व घरंदाज असावी' हेही लिहून टाकलं.

मंगळवारी हेमलता आली. अर्ज वाचला. आधी तिने पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांना. सुनंदा शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. हसून झाल्यावर पोरीने मला समजावून सांगितलं, ते मी तुला शब्दशः सांगतो, कारण पुढे त्याचं काम आहे. म्हणाली, "नाना, हे स्थळ उलटं आहे. इथे जेवढं लपवाल तेवढं तुमच्या अंगावर येईल. समुद्रात छातीत दुखलं आणि कागदावर 'उत्तम' असलं, तर कंपनी म्हणेल, हे दुखणं आम्हाला दाखवलंच नव्हतं, तुमचं तुम्ही बघा. सांगितलेलं दुखणं मात्र कंपनी सांभाळते." तिने छाती हा शब्द सहज उच्चारला गं. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कारण अक्का, आता तुला सांगायला हरकत नाही. गेल्या जूनमध्ये पोस्टाचा जिना चढताना माझी छाती आवळून आली होती. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या, आणि म्हणाले, घाबरायचं कारण नाही पण गोळी खिशात हवी. सुनंदाला मी सांगितलं नाही. तिची आई अशीच बोलता बोलता गेली होती, तेव्हापासून छाती या शब्दाला ती किती भिते, ते तुला माहीत आहे. गोळ्यांचं पाकीट मी चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली ठेवलं. सात महिने जिवापाड सांभाळलेलं हे गुपित आता तिच्यासमोर कसं फोडायचं? मी हेमलताला भुवयांनी खुणावलं. ती म्हणाली, नाना, डोळ्यात काही गेलं का? मी सुनंदाला चहा करायला सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच झालाय. मी म्हटलं, पाहुणीला पुन्हा कर. ती म्हणाली, पाहुणी चहा घेत नाही. शेवटी हेमलताने पेन उचललं आणि एकेक अवयवाचं नाव घेत विचारू लागली, जसे पोस्टमन गल्लीत घरं विचारतात. डोकं? डोळे? दमा? छाती?

सुनंदाने शेंगेवरची नजरसुद्धा हलवली नाही. म्हणाली, "लिही गं, छाती आहे. गोळ्या चष्म्याच्या डबीत असतात, फडक्याखाली. दिवाळीत तारीख उलटली होती, मी नवीन पाकीट आणून ठेवलं."

अक्का, सात महिने मला वाटत होतं की गोळ्या फार टिकाऊ आहेत. आणि ही रोज सकाळी माझी डबी उघडून बघत होती, रात्री झोपताना एक पाकीट आपल्या उशीखाली ठेवत होती, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तोंडाला कुलूप लावून बसली होती. मी विचारलं, बोलली का नाहीस? तर म्हणे, तुम्ही मला जपताय असं तुम्हाला वाटत होतं, ते बरं चाललं होतं. हेमलता अर्जाची पानं उगाच सारखी करत बसली.

मग सुनंदाची पाळी. रक्तदाब आणि साखर मला माहीत होती. हेमलताने कान म्हटल्यावर मात्र बाई घुटमळल्या. निघालं काय, तर उजव्या कानाने दीड वर्ष जवळजवळ ऐकू येत नाही. आणि झोपाळ्यावर मी बसतो कुठे? तिच्या उजवीकडे. दीड वर्ष मी बहिऱ्या कानाला विनोद सांगत होतो, आणि ही अगदी जागच्या जागी हसत होती. म्हणाली, तुमचे विनोद ठरलेले असतात, ओठ हलायचे थांबले की हसायचं. (हे वाक्य मी हेमलताला अर्जात घालू दिलं नाही.) त्या संध्याकाळपासून मी डावीकडे बसतो. आणि खरं सांगू? आता ती पहिल्यापेक्षा कमी हसते.

गुरुवारी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा पुण्याहून फोन आला. मी तोवर इतका सुधारलो होतो की काही हातचं राखायचं नाही असं ठरवलं होतं. छाती सांगितली, गुडघे सांगितले. शिंदखेड्याला चिंचेवरून पडलो ते सांगितलं, गोवर सांगितला, सासऱ्यांसमोर लागायची ती उचकी सांगितली. बाई म्हणाल्या, काका, मागच्या चार वर्षांतलंच सांगा. मी म्हटलं, बाई, बाकीची सदुसष्ट वर्षं कोणाला सांगू? (एकदा तोंड उघडलं की मिटत नाही, ते तू जाणतेस.) त्यांनी छातीची पट्टी मागवली, कानाचा कागद मागवला, आणि काल विमा मंजूर झाला. हप्ता वाढला, आणि छातीचं दुखणं जिवावर बेतलं तरच खर्च मिळेल अशी अट आहे, पण मिळेल. सुनंदाने ते चोवीस पानी बाड देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. मी सबंध वाचलं. आमच्या लग्नात एवढं कोणी आमच्याबद्दल खरं लिहिलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी चहा घेताना आम्ही एकमेकांना विचारतो, आज कुठे दुखलं? आणि खरं सांगतो. एवढी साधी गोष्ट जमायला पंचेचाळीस वर्षं आणि एक विमा कंपनी लागली. घर मात्र हलकं झालंय.

भिकनला आणि सूनबाईंना आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे, तो पोरांना वाट, तुझ्या साखरेचं मला माहीत नाही.

तुझा,
रति

ता. क. तिळगुळाखाली एक कागद आहे, तो पुडीचा कागद समजून भिकनच्या चुलत्याच्या गायीला घालू नकोस. तो विम्याचा अर्ज आहे. पुनमने बोटीवर जी खोली घेतली, तिच्यात तीन पलंग आहेत, आणि तिसरा मोगराआत्याचा, म्हणजे तुझा, म्हणून तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तुझा पासपोर्ट भिकनने नातवाकडे दुबईला जायला काढला होता, तो पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली कोराच पडलाय. नाव, जन्मतारीख, उंची, सवयी, हे चारही रकाने हेमलताने भरलेत. पाचवा कोरा ठेवलाय.

ता. क. दुसरं: भिकनवर रागावू नकोस, मी शपथ घातली म्हणून तो बोलला. कार्तिकात बोदवड स्टेशनवर तू बाकावर बसलीस आणि अर्धा तास तुला उठता आलं नाही. हमालाने विचारलं तर म्हणालीस, "डब्बा मोजी राह्यनू." मालगाडी केव्हाच गेली होती, अक्का. दोन वर्षं तू डॉक्टरची पायरी चढलेली नाहीस. बुधवारी भिकन तुला जळगावला दाखवायला नेणार आहे. वेळ घेतलेली आहे.

ता. क. तिसरं: नमस्कार अक्का, मी सुनंदा. हे अंघोळीला गेलेत म्हणून लिहून घेते. यांनी सगळं खरं सांगितलं असं यांना वाटतं, पण धुळ्याहून शिंदखेड्याला जाईस्तोवर यांना बस लागते, खिशात लिंबू घेऊन बसतात, ते कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना मीच मागून फोन करून सांगितलं. दुसरं म्हणजे सहलीचं मनावर घेऊ नका. डॉक्टर नको म्हणाले तर आम्ही तिघांची तिकिटं परत करू आणि ते पाच दिवस कळण्याचं पीठ घेऊन तुमच्याकडे येऊन राहू. माझं बांधून तयारच आहे. पण रकाना भरा. हे गेले चार दिवस झोपलेले नाहीत.

ता. क. शेवटचं: सुनंदाने वर काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही (वाचलं, लिंबाचं खरं आहे). अक्का, मी सात वर्षांचा होतो. तू चुलीपुढे बसून भाकरी थापत होतीस आणि मी सहज तुझ्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. मी रडायला लागलो, तर म्हणालीस, "चूलपुढे बसनं का कपाय तपसच, येडा." मला ते खरं वाटलं. तुला ताप होता, आणि घरात कळलं तर काकू मला तिच्या माहेरी नेऊन ठेवेल म्हणून तू आठ दिवस तसाच काढलास, हे मला फार नंतर दुसऱ्याच कोणाकडून समजलं. तेव्हा तू माझ्यासाठी लपवलंस. आता माझ्यासाठीच सांग. तुझ्या घरात चूल राहिलेली नाही, दहा वर्षं झाली, गॅस आलाय. कपाळ कशाने तापतं, तेवढं पाचव्या रकान्यात लिही.