सेव्हिलच्या चंद्रापर्यंत

२३ मार्च, रविवार
निनाद संध्याकाळी कॅम्पवर गेला. इथली सैन्यातली सक्तीची दोन वर्षं, त्यातले जेमतेम तीन महिने झालेत. चिवडा, लाडू, चकल्या बांधून दिल्या. लाडू तेवढे नेले. "आई, कॅम्पमध्ये फूड असतं लाह." इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' लावतो. आता शुक्रवार संध्याकाळपर्यंत घरात देव आणि मी.

ह्यांचा फोन. कंपनीनं वर्षभरासाठी स्पेनला पाठवलंय, सेव्हिल गावी. रविवारी मोकळे असतात, आसपासची गावं बघत हिंडतात. आज कार्मोना. मशिदीचं अंगण तसंच ठेवून शेजारी चर्च बांधलंय, अंगणात नारंगीची झाडं. फुलांच्या वासानं डोकं भणभणतं म्हणे. फळं मात्र कडू, रस्त्यावर पडून जातात, कुणी उचलत नाही. जीव हळहळला. म्हटलं, लोणचं घालून बघा की. हसले खूप. इतकं हसलेले इथं कधी ऐकले...

३ एप्रिल, गुरु.
लायब्ररीतून आंदालुसियाचं पुस्तक आणलं. तोच तो ह्यांचा प्रांत. चित्रं भरपूर. वाचायला दहावीच्या इंग्रजीवर अडतं, पण नकाशा कळतो. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवला: सेव्हिल, कार्मोना, रोंडा, कॉर्डोबा, ग्रनाडा. ओट्यावर चिकटवलाय. हे जाऊन आले की त्या गावावर कुंकवाचं बोट टेकवते. रोंडाला दोन डोंगरकड्यांच्या मध्ये भलामोठा पूल आहे, खाली बघवत नाही म्हणाले.

चोवीस तासांत मी बोलले ते फक्त लिफ्टमध्ये, शेजारच्या लिम आंटीशी. "यू ईट ऑलरेडी?" हो म्हटलं. खाल्लं नव्हतं. एकटीसाठी पोळ्या लाटायचा कंटाळा आला होता.

१६ एप्रिल, बुध. संकष्टी.
तिकडे त्यांचा मोठा सप्ताह चाललाय, ईस्टरच्या आधीचा. येशूच्या, मेरीच्या मूर्ती गावभर मिरवतात. मखर इतकं जड की खाली तीस-चाळीस माणसं खांदा लावतात, झालरीखालून नुसती पावलं दिसतात. ह्यांनी व्हिडिओ पाठवला. मेणबत्त्यांचं मेण रस्त्यावर सांडतं, दुसऱ्या दिवशी चपला चुरचुर वाजतात. मुलं ते गरम मेण हातातल्या गोळ्यावर झेलतात, दर वर्षी त्याच गोळ्यावर, गोळा मोठा होत जातो. मला हे फार आवडलं. माणसं आपली, देव फक्त वेगळे.

इथं ढग. चंद्र दिसला नाही. निनादनं फोनवरून इथली चंद्रोदयाची वेळ काढून दिली आहे, पण ती आपल्याला कशाला? लग्नापासूनची रीत: दोघांनी चंद्र पाहिल्याशिवाय पान वाढायचं नाही. एकानं गॅलरीतून हाक मारायची, दुसऱ्यानं हातातलं टाकून यायचं. जाताना विमानतळावर म्हणाले होते, "काळजी करू नकोस, तिथं मोडणार नाही." तिकडे चंद्र मध्यरात्री, म्हणजे आपली सकाळ. मोदक झाकून ठेवलेत.

१७ एप्रिल, गुरु.
सकाळी सहाला फोन. "झालं दर्शन. गच्चीवरून दिसला." मग देवाला नैवेद्य, मग मी. मोदकांची पारी वातड झाली होती. गोड लागले.

मी थांबते हे त्यांना सांगितलेलं नाही. कळलं तर ओरडतील, पित्त होतं मला.

१६ मे, शुक्र. संकष्टी.
निनाद आला. वाळला आहे. त्याला जेवायला वाढलं. म्हणाला, "आज पण नो डिनर? आई, यू आर हार्डकोर."

रात्री साडेआठला, म्हणजे तिकडच्या दुपारी, ह्यांचे आजचे फोटो आले. ऑफिसची सहल, कॉर्डोबा. तिथं म्हणे या दिवसांत लोक आपल्या घरांची अंगणं सगळ्यांना उघडी ठेवतात. पांढऱ्या भिंती, वरपर्यंत कुंड्याच कुंड्या, लांब काठीला डबा बांधून वरच्या कुंड्यांना पाणी घालतात. आणि ती मशीद, तांबड्या-पांढऱ्या कमानींचं रान, त्याच्या पोटात चर्च. निनाद एकेक मोठा करून दाखवत होता.

शेवटच्या फोटोत लांब टेबल, दहा-बारा माणसं, ऊन डोक्यावर. हे मध्ये बसलेत. हातात पावाचा तुकडा, समोर थाळी, अर्धी संपलेली.

"बाबा सो हॅपी, सी?" निनाद म्हणाला.

खरंच दिसत होते. म्हटलं, हो रे. आमटी गरम करायला उठले.

१७ मे, शनि.
सहाला फोन. "दर्शन झालं, आता जेवतो." म्हटलं, बरं. मग मी नैवेद्य दाखवला. देवाला काय सांगायचं ते सुचेना.

कधीपासून? मेणाच्या गोळ्यांचं सांगितलं, तेव्हाही का? विचारणार नाही. उपास मोडला म्हणून नाही गं राग, गणपती काही एवढा मोजत बसत नाही. पण मला खोटं

(पुढे लिहवलं नाही.)

१ जून, रवि.
ह्यांचं आज वेगळंच. कंपनी आणखी दोन वर्षं ठेवते आहे. महिनाअखेरीला कळवायचंय. "तू येणार असशील तरच हो म्हणतो. एकट्यानं नाही काढायची आता." मी म्हटलं, निनादचं काय? देवांचं काय? म्हणाले, "देव डब्यात घालून आण. इथं कोनाडे पुष्कळ आहेत."

मी देव्हाऱ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं लाइन गेली. "हॅलो, हॅलो" करत राहिले.

निनादला सांगितलं. बूट घालता घालता म्हणाला, "होल वीक आय ॲम इन कॅम्प. आई, यू कुकिंग फॉर हू?" बोलून गेला, मग लाजला. दारातून परत येऊन पाया पडला. कधी पडत नाही.

७ जून, शनि.
इथल्याच चोआ चू कांग भागातल्या शुभदावहिनींचा फोन. त्यांना वाटतं मी भाग्यवान. "अहो, लोक पैसे मोजून जातात तिथं! आणि तुम्ही विचार कसला करताय?" काय सांगू? जागा परकी असली तर कुंकवाचं बोट टेकवून आपली करता येते. माणसाचं तसं होत नाही.

१४ जून, शनि. संकष्टी.
आज आकाश स्वच्छ. समोरच्या ब्लॉकच्या वर चंद्र आला, तांबूस. निनाद मित्रांकडे. मी एकटीनं ओवाळलं, नैवेद्य दाखवला आणि जेवले. इथल्या चंद्रावर.

१५ जून, रवि.
सहाला फोन, नेहमीसारखा. जसं बोललो तसं लिहून ठेवते.

"झालं दर्शन. बसतो आता जेवायला."
"मी रात्रीच जेवले."
"रात्रीच ना? दर वेळी जेवतेस तशी."
"नाही. दर वेळी तुमच्या चंद्रापर्यंत थांबायची."
"म्हणजे? सकाळपर्यंत? अगं..."
"तुम्ही दुपारी किती वाजता जेवता तिथं?"

त्यांच्या खिडकीखालून गाडी गेली ती ऐकू आली.

"दोनला," म्हणाले. मग, "सगळे मिळून बसतो. दोन तास उठत नाहीत. पहिले चार महिने खोलीवर एकटा जेवलो. ताट बघून रडू यायचं. कुणी हाक मारली की नाही म्हणवत नाही आता. संकष्टी असली तरी."

"मला सांगायचंत."
"तुला काय सांगणार? तू तिथं एकटीच ना."

फोन मी ठेवला. रागानं नाही. ओट्यावरच्या नकाशासमोर जाऊन उभी राहिले.

१९ जून, गुरु.
तीन दिवस फोन नव्हता. मीही केला नाही. कुकर लावला तोच आज रात्री आठला आला, व्हिडिओ. त्यांचे दुपारचे दोन. फोन टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवलेला, मागं पाच-सहा माणसं, मोठमोठ्यानं बोलणं, भांड्यांचा आवाज. एक बाई वाकून मला हात जोडून "नमस्ते" म्हणाली, जोडलेले हात टाटा केल्यासारखे हलवले. हे ओशाळले. "तू जेवलीस?"

"वाढतेय."

फोन डाळीच्या डब्याला टेकवला. ताट घेतलं. त्यांच्याकडे वाटाण्याचं काहीतरी, माझ्याकडे वरणभात आणि गवारीची भाजी. "गवार?" म्हणाले, आणि शेजारच्याला स्पॅनिशमध्ये गवार समजावत बसले, हातवारे करून. तो समजल्यासारखी मान हलवत होता.

दोन वर्षांचं त्यांनी काढलं नाही. मीही नाही. महिनाअखेरीला अजून दिवस आहेत. मी आणखी भात वाढून घेतला. त्यांचं जेवण अजून चाललंच होतं.