पाच हजारांची शपथ

शुब्रा, कैरो
गुरुवार, दुपारची नमाज आटोपून

दमन्हूरचे आदरणीय हाजी अब्दुल-मुग्नीसाहेब यांना त्यांचा मेहुणा रिफअत याचा अदबीने सलाम.

आधी तुमच्या गुडघ्याची हकीकत कळवा. मागच्या खेपेला जिना चढताना तो तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलत होता. मी पाठवलेलं मलम लावता ना, की कपाटात ठेवून रोज नुसतं त्याचं दर्शन घेता? अम्मांची साखर काय म्हणते? काळी म्हैस व्याली का? घरातल्या लहानथोरांना माझा सलाम सांगा, आणि सध्या तुमच्याकडे कुणी पाहुणं उतरलं असेल तर त्यालाही सांगा. (पाहुणं नीट जेवतं ना? मध्येच कधी माझं नाव काढतं का? सहज विचारतो.) हे सगळं फोनवरच विचारणार होतो, पण रविवारपासून माझा फोन लागला की 'कोण?' असा तुमचा आवाज येतो, मी 'रिफअत' म्हणतो आणि नेमकं तेव्हाच दमन्हूरचं नेटवर्क जातं. म्हणून हे पत्र. तुमच्या बाजूला जाणाऱ्या मिनीबसवाल्याच्या हाती देणार आहे.

पत्राचं कारण अगदी किरकोळ. नवी गाडी घ्यायची आहे, आणि पांढरी घ्यावी की राखाडी, याबद्दल तुमचा सल्ला हवा आहे. दुसरं काही नाही. पण रंगाचा प्रश्न तुम्हाला मुळापासून समजावा म्हणून मागची थोडी हकीकत सांगतो.

तुम्ही जाणताच, नळ आणि फरशा विकण्यात माझी हयात गेली. भाव कसा करावा हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या घराखालच्या दुकानात गिऱ्हाईक भाव ऐकून छातीवर हात ठेवतं, नशिबाला दोष देत बाहेर पडतं, मी त्याला कोपऱ्यापर्यंत जाऊ देतो आणि मग हाक मारतो. कोपऱ्याआधी हाक मारली तर भाव पडतो, कोपऱ्यानंतर मारली तर समोरचा हसनैन त्याला बाही धरून आपल्या दुकानात ओढतो. असा मी माणूस. पण नव्या गाड्यांचा बाजार म्हणजे वेगळीच जात. कंपनीने छापलेली किंमत असते, आणि त्या किमतीला गाडी मिळते ती नाव नोंदवून वाट बघत म्हातारा होणाऱ्याला. आज हवी असेल तर किमतीच्या डोक्यावर वरकड द्यायची. वरकड कशाबद्दल, असं विचारलं की शोरूमवाला खिन्नपणे डॉलरचं नाव घेतो, जणू डॉलर त्याचा वाया गेलेला मुलगा आहे. पहिल्या शोरूममध्ये मला तीन कॉफ्या मिळाल्या आणि भाव मिळाला नाही. दुसरीकडे मालकाने माझा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं, 'पाशा, तुमच्याकडून का पैसे घ्यायचे? गाडी तुमचीच, फुकट घेऊन जा!' ('फुकट घेऊन जा' म्हणणाऱ्याची वरकड सगळ्यांत मोठी असते, हे लक्षात ठेवा. तो ऐंशी हजार म्हणाला.)

तिसरं शोरूम मदीनत नस्रमधलं, उस्ताज बहगत यांचं. म्हणजे पाटीवर त्यांचं. शोरूम खरं त्यांच्या पत्नीच्या, मादाम एतिदाल यांच्या वडिलांनी थाटलेलं, आणि तसं पाहिलं तर बहगतही त्यांनीच आणलेले. मादाम मागच्या काचेच्या खोलीत बसून हिशेब बघतात. मी तुमच्या बहिणीला, इन्शिराहला बरोबर नेलं होतं आणि तिला वाटेत काम समजावून दिलं होतं: गाडीकडे बघून फक्त तोंड वाकडं करायचं. एवढंच. तिने काय करावं? दार उघडून ती थेट स्टिअरिंगमागे बसली, आरसा आपल्या डोळ्यांच्या उंचीला लावला आणि हसली. बहगतने ते हसू पाहिलं. माझे वीस हजार तिथेच गेले.

तो सत्तर हजारांच्या वरकडीवर अडून बसला, मी पाचापासून सुरुवात केली. चहा आला. त्याने मला भाऊ म्हटलं, मी त्याला काळजाचा तुकडा म्हटलं. त्याने डॉलरचं रडगाणं लावलं, मी तांब्याच्या नळांचं लावलं. दोनदा उठून मी दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा त्याने हाक मारली. तिसऱ्यांदा जोर करून थेट कोपऱ्यापर्यंत गेलो. हाक नाही. (मदीनत नस्रच्या लोकांना कोपऱ्याचा नियम माहीत नाही.) थोडा वेळ एका टायरच्या दुकानासमोर उभं राहून टायर बघितले, आणि चष्मा राहिला असं सांगत परत आलो. चष्मा माझ्या नाकावर होता, पण बहगत खानदानी माणूस, त्याने ते दिसल्याचं दाखवलं नाही. असं करत करत तो चाळीस हजारांवर उतरला आणि मी पस्तीस हजारांवर चढलो. मग आम्ही दोघेही रुतून बसलो.

आता पुढचं वाचताना तुम्ही पाणी पिऊन घ्या. बहगतने टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, 'माझ्या बायकोला तलाक, चाळिसातला एक पौंड जरी सोडला तर!' आता हाजीसाहेब, ही शपथ काय आपण आज ऐकतो? तिच्याशिवाय या देशात खरबूज तरी विकलं जातं का? गेल्या ईदला मी तीन भरलेली कबुतरं खाऊन हात धुवायला उठलो, तेव्हा 'चौथं खाल्लं नाहीस तर माझ्या बायकोला तलाक' असं कोण म्हणालं होतं? तुमचा संसार वाचावा म्हणून मी ते खाल्लं आणि दोन दिवस आडवा होतो. मी त्याबद्दल कधी बोललो नाही, आताही बोलत नाही. सांगायचा मुद्दा हा की भावाच्या भरात मीही उभा राहिलो आणि आवाज चढवून म्हणालो, 'माझ्याही बायकोला तलाक, पस्तिसावर एक पौंड चढवला तर!'

फार छान वाटलं. दोन क्षण.

मग लक्षात आलं की माझी बायको माझ्या शेजारी बसली आहे. आणि काचेच्या खोलीचं दार उघडून त्याची बायको उभी आहे. इन्शिराहने हातातला चहाचा पेला खाली ठेवला आणि अगदी शांतपणे (तुमच्या घराण्याचा तो शांतपणा तुम्हाला ठाऊक आहे) विचारलं, 'रिफअत, तुमच्या दोघांत आता फरक किती राहिला?'

'पाच हजार,' मी अभिमानाने सांगितलं.

'म्हणजे मी पाच हजारांची.'

'अगं, तसं नाही—'

'आपलं कपडे धुवायचं मशीन अठरा हजारांचं आहे. त्याची शपथ का नाही घेतलीस?'

मी म्हटलं, ते अजून हप्त्यांवर आहे. (मला वाटलं होतं, खरं बोललं की वातावरण निवळेल.)

तिकडे मादाम एतिदाल नवऱ्याला म्हणत होत्या, 'माझ्या बापाच्या छपराखाली, माझ्या बापाच्या खुर्चीवर बसून मला विकतोस? तेही घाऊक भावात?' बहगत म्हणाला, अगं, ही आपली धंद्याची बोलायची पद्धत. त्यावर त्या म्हणाल्या, 'मग आता धंद्याबरोबरच झोप.' दोघी बाहेर पडल्या. इन्शिराहने मादामची पिशवी धरली, मादामने टॅक्सीला हात केला, आणि दोघी एकाच टॅक्सीत बसून गेल्या. शोरूममध्ये मी, बहगत आणि ती गाडी एवढेच उरलो.

मी स्वस्थ बसलो असं समजू नका. सोमवारी आमच्या मशिदीच्या शेखना गाठलं. त्यांनी विचारलं, शपथ घेताना बायको सोडायचं मनात होतं का? म्हटलं, तोबा तोबा, मनात फक्त पस्तीस हजार होते. मग म्हणाले, शपथ मोडलीस तर दहा गरिबांना जेवू घाल, आणि पुन्हा असं तोंड उघडू नकोस. मी हिशेब केला: वरचे पाच हजार, शिवाय दहा पानं, म्हणजे बहगत दोन्हीकडून जिंकणार. म्हणून अदबीने विचारलं की दहाऐवजी सात गरीब चालतील का. शेख चपला घालायला लागले. मी मागून ओरडलो, आणि बायकोचं काय? ते म्हणाले, 'शपथेवर माझ्याकडे उपाय आहे बाबा, बायकोवर नाही.'

मंगळवारी सकाळी शोरूमवर गेलो. बघतो तर आमच्याच गाडीबाहेर बहगतच्या सपाता जोडीने मांडलेल्या, आतल्या आरशावर बनियन वाळत घातलेलं, आणि मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बहगत झोपलेला. मादामनी घराचं कुलूप बदललं होतं. मला त्याची इतकी दया आली की डोळ्यांत पाणी आलं. पण धंदा तो धंदा. काचेवर टकटक करून म्हटलं, उस्ताज, ही गाडी आता नवी राहिली नाही, वापरलेली झाली, तेव्हा वरकड विसरा आणि मूळ किमतीतून बोला. तो ताडकन उठला, छताला डोकं आपटलं, तोंड उघडून म्हणाला, 'माझ्या बाय—' आणि दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबलं. मीही माझं दाबलं. मग मी कोपऱ्यावरून बाकल्याची उसळ भरलेल्या पावाचे चार तुकडे आणले आणि आम्ही दोघांनी ते गाडीत बसून खाल्ले. सीटवर थोडं तेल सांडलं. सीटचं कापड फिकट आहे, आणि रंगाचा प्रश्न निघाला तो असा.

तर पांढरी की राखाडी, एवढं कळवा. म्हशीची काळजी घ्या, गुडघ्याची तिच्याहून जास्त घ्या.

तुमच्या लोभाचा भुकेला,
रिफअत

ता. क. रंगाचं मरू द्या. हाजीसाहेब, तिला पाठवा. पाच दिवस झाले, घर खायला उठतं. मी रोज दोन पेले चहा करतो आणि दोन्ही मलाच प्यावे लागतात. काल शेजारीण भेंडीची बामिया देऊन गेली, चांगली झाली होती, पण 'मीठ जास्त पडलंय' असं म्हणायला समोर कुणी नव्हतं, म्हणून तशीच ठेवली. तिची किंमत पाच हजार नाही, हे मला शपथ घेण्याआधीही माहीत होतं. फक्त त्या वेळी ते पैशांतच बोलायचं चाललं होतं. हे तिला तुमच्या शब्दांत सांगा, माझ्या शब्दांवर तिचा सध्या भरवसा नाही.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार एवढ्यात बहगतचा फोन आला. रडत होता की हसत होता, कळेना. म्हणाला, गाडी विकली गेली. मी म्हटलं, कुणाला? म्हणाला, तुझ्या बायकोला. मादाम एतिदालनी स्वतः विकली, कंपनीच्या छापील किमतीला, वरकड शून्य, वर पायपुसणी आणि कागदी रुमालांचा डबा भेट. म्हणे दोघींचं फोनवर रोज बोलणं होत होतं. पैसे तिने बँकेतून काढले (ते तिच्याच नावावर आहेत. माझ्या हाताला पैसा टिकत नाही, म्हणून तुम्हीच तसं सुचवलं होतं, त्याबद्दल मी तुमचे आभार मानत नाही). बहगत पुढे म्हणाला की बाईंबरोबर एक धिप्पाड गृहस्थ होते, गुडघा धरून चालत होते आणि प्रत्येक टायरला काठीने टोचून बघत होते. हाजीसाहेब, तुम्ही कैरोला आलात आणि मला कळवलं नाहीत? माझे एवढे डावपेच, एवढे चहा, ते टायरचं दुकान, सगळं पाण्यात. आणि एक गोष्ट वर लिहायची राहिली, ती आता लपवून उपयोग नाही: आमच्या घरात गाडी चालवता येते ती फक्त तिलाच. मला येत नाही.

ता. क. तिसरा. खाली गल्लीत हॉर्न वाजतोय. सज्ज्यातून बघितलं. गाडी पांढरी आहे. ती स्टिअरिंगमागे, तुम्ही मागच्या सीटवर भुईमुगाच्या शेंगा सोलताय. मी तुम्हाला हात केला तर तुम्ही काच वर केलीत. मी तिला म्हटलं, वर ये. अख्खी गल्ली खिडक्यांत गोळा झालेली, समोरचा हसनैन खुर्ची टाकून बसलेला, आणि ती खालून म्हणाली, 'मी तुला घेऊन जायला आलेय, पण फुकट नाही. किंमत आहे.' मी म्हटलं, बोल. ती म्हणाली, 'तुझी मिशी.' म्हणाली, पाच हजारांसाठी पणाला लावायला तुझ्याकडे तीही होती, तुला ती सुचली नाही आणि मी सुचले.

हाजीसाहेब, ही मिशी तीस वर्षांची आहे. निम्मी तरी वाचवावी म्हणून बोलायला तोंड उघडलं होतं. मग तिच्याकडे बघितलं. ती वर बघत होती आणि हसत नव्हती, आणि गाडी चालूच होती. मी हो म्हटलं. पहिल्याच भावाला, हसनैनच्या देखत.

हे पत्र आता भाजीच्या टोपलीत घालून दोरीने खाली सोडतो आहे, तुम्ही काच उघडून ते घ्या. तुमचं वाचून होईपर्यंत माझं आटोपेल आणि दारातून एक बोडक्या ओठाचा माणूस बाहेर येईल. त्याला पाहून तुम्ही घाबराल, पण कृपा करा आणि तिला गाडी हलवू देऊ नका. तो मीच आहे.