हातभर उलटा पीळ

तोचिमाता,
९ नोव्हेंबर

प्रिय कियोताका,

समोरच्या डोंगरावर दोनदा बर्फ पडून गेला. तिसऱ्यांदा पडला की तो गावात उतरतो, हे तुला मी सांगायला नको. नागोयात तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो. इथे आम्ही दोघं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा मधूनमधून बोलतो, पण ती त्याच्यापेक्षा जास्त बोलते, त्यामुळे तो कुणाला ऐकू येत नाही.

पाल्याचं लोणचं परवाच घातलं. साठ किलो पाला, दोन किलो शंभर ग्रॅम मीठ. वहिनी अजून मुठीनंच मीठ टाकते. मी तिच्या पाच मुठी काट्यावर तोलून पाहिल्या, एकही दुसरीसारखी भरली नाही. तसं दाखवल्यावर म्हणाली, "मग या वर्षी काटाच खा."

आता खरी बातमी. हसू नकोस. मी मास्तर झालोय.

गावात नऊ घरं उरली आहेत, ती तुला ठाऊकच आहेत. त्यातल्या चार बायकांनी उन्हाळ्यापासून पाहुण्यांसाठी एक बेत सुरू केला. देशोदेशीचे लोक सकाळच्या बसनं येतात. दुपारपर्यंत आपल्या स्वयंपाकघरात पीठ मळतात, त्यात वांगं नाहीतर पाला भरतात, आणि ते ओयाकी चुलीच्या राखेत भाजून खातात. जेवण झाल्यावर खळ्यातल्या कोठारात पेंढ्याची दोरी वळायला शिकायचं. दोरीसाठी त्यांना माणूस हवा होता. मी म्हटलं, "मी काय माकड आहे, लोकांपुढे करून दाखवायला?" तुझी वहिनी म्हणाली, "माकड परवडलं. ते निदान न रागावता दाखवतं."

शेवटी हो म्हटलं. पण करायचं तर नीट. एक वही केली. पेंढा किती पाण्यात, किती वेळ, मोगरीचे किती घाव (दोनशे, एकही कमी नाही), तळहातांत किती काड्या. इंग्रजी वाक्यंही लिहून काढली. तीस वर्षं मी रेडिओवर ऐकून ती भाषा शिकलो आणि या गावात ती बोलायला गाय सोडून कुणी नव्हतं. आता शाळेतून निवृत्त झालेल्या मिकामी बाई दुभाषी म्हणून येतात आणि माझ्या चुका हळूच दुरुस्त करतात. हळूच करतात, म्हणून चालवून घेतो.

दोरीतलं मला कुणी शिकवलं नाही, हे तू जाणतोस. बाबांनी कुणालाच शिकवलं नाही. तुझ्या हातात ते आपसूक आलं. मी मात्र माळ्यावरच्या जुन्या पेंढ्याच्या चपला उसवून उसवून शिकलो. त्यामुळे आपला शब्द प्रमाण, असं मला वाटत आलंय.

तर पहिल्या खेपेला सहा जण आले. त्यांत तैवानच्या दोघी बहिणी, साठीच्या. एक दातांचा डॉक्टर, हात लोण्यासारखे. आणि नॉर्वेचा ओडवार नावाचा म्हातारा, सगळा जन्म जहाजावर गेलेला. तो अकरा ओयाकी खाऊन उठला. बाराव्याला वहिनीनं हात धरला, नाहीतर इतरांना उरले नसते.

दोनशे घाव म्हटल्यावर धाकटी बहीण म्हणाली, "गुरुजी, ह्या पेंढ्यानं असा काय गुन्हा केलाय?" सगळे इतके हसले की माझी मोजणी चुकली. पुन्हा एकपासून सुरू केली. डॉक्टरची दोरी गांडुळासारखी झाली, एका टोकाला करंगळीएवढी आणि दुसऱ्याला काकडीएवढी. मी ती घेतली आणि सवयीनं उसवायला लागलो. वीतभर उसवली असेल, तर वहिनी ओरडली, "अहो, ती त्यांची दोरी आहे!" मी मान वर केली. तो माणूस माझ्याकडे कसा बघत होता ते सांगता येणार नाही. लहान मुलाच्या हातातलं खाणं काढून घेतल्यावर ते बघतं तसं. मी दोरी परत दिली. त्यानं ती पुन्हा वळली, आधीपेक्षा वाईट, आणि कमरेला बांधून कोठारभर मिरवला. मोठ्या बहिणीनं तिच्या दोरीचं कडं करून माझ्या डोक्यावर ठेवलं.

रोजची दोरी आटोपल्यावर मधल्या चहाचं सामान आणायला घरी जाताना मी वाटेत एकटाच हसत होतो. वहिनीनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

आतापर्यंत चोवीस लोक झाले. डॉक्टरनंतर मी एकाचीही दोरी उसवली नाही.

ओडवारबद्दल अजून थोडं लिहायचं होतं, पण ते राहू दे.

तेराजिमा काका मुलीकडे राहायला गेले, हे तुला कळलं असेल. त्यामुळे यंदा देवळाच्या कमानीवरचा दोर वळायला मी आणि इसाओ असे दोघेच. पेड तीन लागतात, माणशी एक. बघू काय करायचं ते. तू गाव सोडून अकरा वर्षं झाली. मधे बाबांच्या अंत्यविधीला आलास तो त्याच दिवशीच्या बसनं परत गेलास. तुझी खोली वहिनी झाडून ठेवते. हे सहज लिहिलं.

बाकी विशेष नाही.

मित्सुहारू


तोचिमाता,
२४ नोव्हेंबर

प्रिय कियोताका,

तुझं कार्ड पोचलं. "दादा, अकरा वर्षं तुझी नवीन वर्षाची छापील कार्डं आली, आणि आता एकदम चार पानं. कुणी आजारी आहे का? की वहिनी सोडून गेली? ओडवारचं काय ते सांग." वहिनीनं ते वाचलं आणि म्हणाली, "लिहा त्यांना, अजून गेलेली नाही, पण विचार चालू आहे." तुझं अक्षर बघून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

ओडवारचं सांगतो. गेल्या खेपेला चार पानं भरली ती ह्या एका गोष्टीच्या भोवतीनं फिरण्यातच.

पाहुण्यांना आधी रोजची दोरी शिकवतो, उजवा हात पुढे रेटून. मग देवळाची दाखवतो, डावा हात पुढे रेटून. उलटा पीळ म्हणजे देवाचा, एवढंच त्यांना सांगतो. त्या दिवशी चहानंतर मी देवळाची दोरी वळून दाखवत होतो आणि तोंडानं बाबांची गोष्ट चालू होती. त्यांनी एका थंडीत एकट्यानं तीन पेड कसे वळले, ती. मिकामी बाई भाषांतर करत होत्या. सगळे माना डोलावत होते. ओडवार मात्र माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. त्यानं माझ्या दोरीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे तुमचा हात बदलला."

मी म्हटलं, "शक्य नाही."

म्हणाला, "पन्नास वर्षं दोर ओढलेत मी, गुरुजी. बघा."

मी पाहिलं. हातभर दोरी उजव्या पिळाची होती. त्याच्या अलीकडे डावा पीळ, पलीकडे पुन्हा डावा. बाबांची गोष्ट सुरू झाली तिथे हात उजवीकडे वळला होता. संपली तिथे परत आला होता. मला काहीसुद्धा कळलं नव्हतं.

कोपऱ्यात उमेनो आजी पेंढा निवडत बसली होती. सत्त्याऐंशी वर्षांची झाली, कान तीक्ष्ण. ती म्हणाली, "मित्सु, तू बोलायला लागलास की तुझे हात बाजाराला जातात. लहानपणापासूनच."

कियो, तुला समजलंच असेल मी कुठे आलोय ते.

त्या वर्षी कमानीवरचा दोर नवीन वर्षाच्या पहिल्याच दिवशी मधोमध फुगला आणि काड्या बाहेर आल्या. पुजाऱ्यांनी तो सगळ्या गावासमोर उतरवला. एका पेडात हातभर पीळ बाकीच्याच्या उलटा, रोजच्या दोरीचा निघाला. तीन पेड, तीन माणसं. बाबा, तू, मी. पेडांवर कुणाचं नाव नसतं. बाबा चुकत नाहीत, मी चुकत नाही, म्हणून मी तर्क लढवला. तू डावखुरा. डावखुऱ्याचा सहज हात तो आपला उलटा, तेव्हा उलट्याचा सुलटा तोच करणार. गणितासारखं सोडवून दाखवलं मी, गावासमोर. मला ते अगदी बिनतोड वाटलं होतं. आणि तू एवढंच म्हणालास, "दादा म्हणतो तर असेल."

पुढच्या दोरासाठी बाबांनी तेव्हाच तुझ्या जागी तेराजिमा काकांना सांगून ठेवलं. त्याच वसंतात तू गेलास.

त्या वर्षी पेड वळताना मी काय करत होतो, ते आता आठवलं. इसाओला रेडिओ दुरुस्त कसा केला ते सांगत होतो.

माझी दोरी हातात धरून मी कोठारातच बसून राहिलो. पाहुणे गोंधळले. तैवानच्या मोठ्या बहिणीला वाटलं मला चक्कर आली, तिनं चहा पुढे केला. मी उमेनो आजीला विचारलं, "आजी, त्या वर्षीचा तो पेड माझा होता?"

"मग कुणाचा?" ती म्हणाली. "कियोचा पीळ मऊ असतो, तुझा करकचून. फुगला तो करकचूनच होता. आम्हा बायकांना त्याच दिवशी कळलं."

"मग अकरा वर्षं सांगितलं का नाही?"

"सांगून तू ऐकलं असतंस?" तेवढ्यात तुझी वहिनी कोठाराच्या दारातून म्हणाली, "मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही मला पेंढ्याचे प्रकार समजावलेत."

हे खरं आहे. मला दोन्ही वेळा आठवतात.

बाबांना माहीत होतं का, ते मला कळायचा मार्ग नाही. ते माझ्या तर्कावर विश्वास ठेवून गेले असतील, तर ते ओझं माझं. तुझ्याकडे मी त्यातलं काही हलकं करून मागत नाही.

तुला मात्र तेव्हाच कळलं असणार. आपल्या भावाचा पीळ तू ओळखला नसशील, असं होणार नाही. तरी गप्प राहिलास. मला वाटायचं, तू गप्प राहिलास म्हणजे कबूल केलंस. मी सगळं मोजतो, मीठ मोजतो, घाव मोजतो, आणि हे एवढं मला कधी मोजता आलं नाही.

काल रविवारी दोराच्या कामासाठी देवळात बैठक होती. नऊही घरची माणसं आली. मी उभा राहिलो आणि सांगितलं, तो पेड माझा होता, कियोताकाचा नव्हता. पाठ केलेलं मोठं भाषण होतं, ते विसरलो. दोनच वाक्यं झाली.  मग इसाओ म्हणाला, "बरं झालं बाबा. आता तरी त्या रेडिओची गोष्ट बंद होईल." आणि सगळे जे हसायला लागले, पुजारीसुद्धा! उमेनो आजीला उचकी लागली. मीही हसलो. गावासमोर चुकीचं ठरण्याची मला जी भीती वाटत आली ती अशी हसण्यावारी जाईल, हे मला माहीत असतं तर मी वहिनीचं तेव्हाच ऐकलं असतं, असं म्हणणार होतो. पण नसतं ऐकलं. तू ओळखतोस मला.

तिसऱ्या पेडाचं विचारलं गेलं. पेंढा कुटायला पाहुण्यांना घेऊ, पण पेड गावात जन्मलेल्या हाताचाच, असं ठरलं. कुणी तुझं नाव घेतलं नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "मी लिहितो. येणं न येणं त्याच्यावर."

वीस डिसेंबरला, सकाळी नऊला. कणीस भरायच्या आत कापलेला हिरवा पेंढा कोठारात टांगून ठेवलाय, चांगला निघालाय. तू मधला पेड घे. मी कडेचा घेईन आणि वळून होईपर्यंत तोंड उघडणार नाही. वहिनीनं हे लेखी मागितलंय, ते इथे लिहून देतो.

नाही आलास तरी दोर होईल. दोन पेडांचा होईल, आणि विचारील त्याला मी सांगेन की तिसऱ्याची जागा माझ्यामुळे रिकामी आहे.

थोरल्यानं धाकट्याला पत्राच्या शेवटी आशीर्वाद द्यायचा असतो. आज तो द्यायचा हक्क मला वाटत नाही. आज फक्त क्षमा मागतो, वाकून.

मित्सुहारू