तीन काचांच्या आत

नॉर्डन, ४ नोव्हेंबर

ती. वेब्केताईस, धाकट्या ओकोचा शि. सा. न.

वि. वि. खिडक्यांचा मला वीट आलाय. रोज सकाळी काचांवरून पाणी गळतं, चौकटीत काळी बुरशी, आणि ती ओली घाण फडक्याने पुसत बसायची. शी! म्हणून सगळ्या बदलतोय. तीन काचांच्या, मधे वायू भरलेल्या. विकणारे आले ते एकेक बोलघेवडे! एकाने निदान ऊब किती बाहेर जाते त्याचा आकडा दाखवला. जितका कमी तितकं बरं. त्याच्याच घेतल्या.

शेजारची तालेया म्हणते, स्वयंपाकघराची तरी जुनीच राहू दे. तुला ठाऊक आहे, सकाळी ती मागल्या दारी पातेल्यावर चमचा बडवते, की मी चहाला जायचं. तिला कसली आलीय खिडक्यांची अक्कल!

लोभ असावा, हसू नये.
ओको

ब्रेमेन, १३ नोव्हेंबर

चि. ओकोस अ. उ. आ.

हसले, काय करू! घे बाबा खिडक्या, सत्तरीतल्या गुडघ्यांना ऊब हवीच. पण त्या घट्ट बसतात. आई बर्फातसुद्धा करायची तशा सकाळ-संध्याकाळ जरा वेळ सताड उघडत जा, नाहीतर तुझी लाडकी बुरशी परत येईल. तुझा चिकटपणा ओळखून आहे म्हणून लिहिते.

तालेयाला नमस्कार सांग. तुझी बायको गेल्यावर तिनेच तुला माणसात ठेवलं.

जिवाला जप.
तुझी ताई

नॉर्डन, १६ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

घर झकास उबदार झालंय, वाऱ्याचा आवाजसुद्धा येत नाही. उघडणार मात्र नाही हं! एवढे पैसे ओतून कोंडलेली ऊब बाहेर फेकू?

उबग आलाय तो तालेयाचा. खिडक्या बसल्यापासून चहाचं बोलावणं नाही. तिचं ऐकलं नाही म्हणून फुगलीय म्हातारी. फुगू दे! मीही जाणार नाही. खडीसाखर, साय सगळं घालून एकटाच पितो. चव लागत नाही.

लोभ असू दे.
ओको

नॉर्डन, २ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

तालेया मागल्या दारी बर्फावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. पडल्या पडल्या हाताशी असलेलं पातेलं बडवत राहिली, माझ्या नावाने ओरडत राहिली. मी चार पावलांवर, काचेआड पेपर वाचत होतो. शेवटी रस्त्यावरून जाणाऱ्या टपालवाल्या बाईने ऐकलं.

काल दवाखान्यात गेलो. ती म्हणाली, रोज बडवत होते रे, वाटलं नव्या खिडक्यांनी तुला शिष्टपणा आला. मला तोंड वर करवेना. किळस येते ताई, माझी मलाच.

ती घरी कधी येईल, डॉक्टर सांगत नाहीत. पलीकडे कोणी नाही हे मला कळतं. तरी स्वयंपाकघराची खिडकी उघडी टाकून, कोट घालून बसलोय. लावायला हात होत नाही.

लोभ वाढवू नकोस. आहे तेवढा राहिला तरी पुष्कळ.
ओको