दहा मिनिटांचा बाबा

१२ जानेवारी

तीन सह्या लागतात. तिकडच्या सरकारची, आपल्या सरकारची आणि माझ्या नवऱ्याची स्वतःची. दोन झाल्या! वकीलबाईंनी क्लिनिकमध्येच फोन केला. मी खुर्चीतल्या आजोबांच्या तोंडात नळी धरून उभी होते, तिथेच हुंदका फुटला. आजोबांना वाटलं, त्यांच्या दाढेत काहीतरी भयंकर दिसलं. डॉक्टरांनी मला बाहेर पाठवलं.

म्हणजे उरलेली शिक्षा तो इथल्या तुरुंगात भोगू शकतो. बसने पाऊण तास. सहा वर्षांत त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

१३ जानेवारी

वकीलबाईंनी आज समोर बसवून सगळं समजावलं. निम्मा आनंद तिथेच उतरला. तिकडे राहिला तर चांगल्या वागणुकीची सूट मिळून तीन वर्षांत सुटेल. इथे आला तर ती सूट नाही— पाच वर्षं.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "दगडापेक्षा वीट मऊ. इथला तुरुंग तो आपला." आपला म्हणे! जसा काही आपणच बांधलाय.

१८ जानेवारी, रविवार

त्याचा फोन. महिन्यातून एकदा, दहा मिनिटं, मग आपोआप कट. त्यातली सात ठकीची. लेक फोन घेऊन टेबलाखाली जाऊन बसते आणि कुजबुजत राहते. मला ऐकू देत नाही, लबाड!

ती पोटात होती तेव्हा हा परदेशी ट्रक चालवायला गेला. कुणाचं तरी खोकं आत काय आहे ते न विचारता गाडीत घेतलं, आणि त्यात निघायचं ते निघालं. चूक त्याचीच. अजूनही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. पण ठकीला बाबा म्हणजे एवढाच. एक आवाज.

माझ्या तीन मिनिटांत मी त्याला हिशेब सांगितला. म्हटलं, "नीट विचार कर. दोन वर्षं जास्तीची आहेत. माझ्यासाठी म्हणून ठरवू नकोस." तो म्हणाला, "तीन वर्षांनी ठकी केवढी झालेली असेल. तिला मग मी कोण—"

कट.

२ फेब्रुवारी

त्याने सही केली.

४ एप्रिल

आला! भेट पुढच्या शनिवारी. धाकटा दीर म्हणतो, "वहिनी, दादा आता निदान शिव्या तरी आपल्या भाषेत खाईल." किती दिवसांनी पोट धरून हसलो सगळे. सासूबाई हसता हसता रडायला लागल्या.

११ एप्रिल, शनिवार

लहान मूल बरोबर असलं तर टेबलाच्या खोलीत बसू देतात. मध्ये काच नाही, जाळी नाही. वकीलबाईंनी त्यासाठी वेगळी खटपट केली होती. ठकीला नवा फ्रॉक घातला. लग्नाचा फोटो दाखवून दाखवून तयारी करून घेतली.

तो आत आला. डोक्यावरचे केस गेलेत. खांदे उतरलेत. गुडघ्यांवर बसला आणि हात पसरले.

ठकी माझ्या पाठीमागे.

"हा बाबा नाही."

"अगं, हाच."

"बाबा फोनमध्ये असतो."

तो हसला. मी ओळखते त्याला, ते हसू नव्हतं.

मग आम्ही दोघं बोललो. भराभर, श्वाससुद्धा न घेता. सगळं सांगून झालं आणि तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला. दहा मिनिटं झाली होती! फोन कट व्हायची वाट बघत होता बिचारा. अजून वीस मिनिटं उरली होती आणि दोघांनाही काही सुचेना. सहा वर्षं याच अर्ध्या तासासाठी उंबरठे झिजवले मी.

१८ एप्रिल

पुन्हा तेच. ठकी टेबलाखाली. म्हटलं, तिथे तरी सवयीने बोलेल. छे! त्याचे बूट बघत बसली. घरी येऊन विचारते, "बाबाचा फोन कधी येणार?"

काय सांगू? बाबा आला म्हणून फोन बंद झाला, बाई.

२५ एप्रिल

"पुढच्या वेळी तिला आणू नकोस. माझ्यामुळे रडते."

मग म्हणाला, "दोन वर्षं फुकट दिली का गं मी?"

राग आला. त्याचा, वकीलबाईंचा, माझा. आणि बसमध्ये ओरडले कुणावर, तर ठकीवर. वड्याचं तेल वांग्यावर. रात्री झोपेत तिचे गाल ओले होते. फार वाईट वाटलं.

९ मे

बराकीत खोकल्याची साथ. टेबलाची खोली बंद, भेट काचेआडून. दोन्हीकडे एकेक रिसीव्हर. म्हटलं, झालं— आगीतून फुफाट्यात! ठकीला नेणारच नव्हते, पण धाकटा दीर सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. न्यावंच लागलं.

तो काचेपलीकडे मान खाली घालून बसला. ठकी माझ्या मांडीवर, पाठ फिरवून. मी रिसीव्हर उचलला. त्यातून बारीक आवाज आला, "बोल."

ठकीने झटकन मान वळवली. रिसीव्हर माझ्या हातातून ओढलाच!

"बाबा? कुठे होतास तू? माझा दात पडला. पुढचा. आईने नाही ओढला, आपोआप पडला. आणि एक टकला माणूस आहे ना, आई म्हणते तोच तू—"

पलीकडे तो रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून बसला.

"हॅलो! ऐकू येतंय का?" ही ओरडते.

"येतंय," तो म्हणाला. "सगळं येतंय, ठके."

ती थबकली. काचेकडे बघितलं. तो बोलला की ओठ हलतात, ओठ हलले की कानात बाबा. दोन-तीनदा त्याला "परत बोल, परत बोल" म्हणत बोलायला लावलं. मग मला म्हणाली, "आई, हा बाबासारखाच बोलतो."



२३ मे

साथ गेली. टेबलाची खोली पुन्हा सुरू. ठकी त्याच्या समोर बसली, बघत राहिली. मग अंगठा कानाला, करंगळी तोंडाशी.

"हॅलो, बाबा?"

त्यानेही तसाच हात धरला. "हॅलो. बोल."

शाळा झाली, पडलेला दात झाला, माझी चहाडीसुद्धा झाली. बोलता बोलता तिचा हात कधी खाली आला, तिलाही कळलं नाही. वेळ संपल्याचं पहारेकऱ्याने सांगितलं तेव्हा ती टेबलावरून वाकून त्याच्या टकलावर हात फिरवत होती.

त्याचा हात अजून कानालाच होता.