थंडीत घट्ट झालेलं तेल

ती. आईस,
पायांवर डोकं ठेवून सांगतो, मी मजेत आहे.

आमच्या कारखान्यातला बॉयलर आता डिझेलऐवजी बियांच्या तेलावर चालणार होता. डिझेल कधीतरी संपेल, हे दरवर्षी शेतात पिकेल! फक्त थंडीत घट्ट होतं, आधी गरम करा, असं साहेबांना दहादा बजावलं. ऐकतो कोण? पाहुण्यांसमोर तोरा मिरवायच्या घाईत तसंच थंडगार नळीत सोडलं. नळी तुंबली, बॉयलर बंद पडला. आता म्हणतात, तेलच नालायक! अगं, तू थंडीत तेलाची बाटली चुलीपाशी ठेवतेस, तेवढीही अक्कल नाही यांना.

‘तेल निकामी’ असं लिहिलेल्या कागदावर त्यांना माझी सही हवीय. मेलो तरी करणार नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? माझी खोली झाडून ठेव. बहुतेक लवकरच येईन.

तुझाच,
तापट धाकटा