शिट्टी वाजली की वर

तीर्थस्वरूप आक्कास,

बनूचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली अजून फळीवरच? तू पाठवलेलं पार्सल पोचलं. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी (एका कडेने उंदराने चाखलेली, म्हणून देवाला दाखवली नाही, आम्हीच खाल्ली). हमाली बारा रुपये. त्याच आठवड्यात दुसरं पार्सल तळमजल्यावरून आलं: बकुळाचं शिलाई मशीन, दोन गाद्या, मसाल्याचे डबे आणि बकुळाची सासू. हमाली शून्य, पण रोजचा खर्च मी वहीत वेगळ्या पानावर मांडते आहे.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, आमचा तळमजला बुडाला, तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी धर्मराजभाऊ यांना चैन नाही. त्यांनी आपत्ती समिती काढली (सभा समितीची, चहा माझा). ठरलं असं की वरच्या प्रत्येक घराने खालचं एक घर सांभाळायचं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आमच्या वाट्याला बकुळा आली. उल्हासनगर कॅम्प एकमधून घाऊक भावात शिट्ट्या आणल्या, घरटी एक. शिट्टी वाजली की सगळ्यांनी वर पळायचं. फाटकाशी वाळूच्या गोण्या रचल्या. तालीम तर इतक्यांदा झाली की आता कोणाचा कुकर वाजला तरी तळमजला जिन्यात असतो.

सभेत मीही मान डोलावली. संकटात शेजाऱ्याला घरात घेणं हा धर्मच आहे. पण संकट येऊ तर दे! बकुळा म्हणते, "बनूताई, पाणी शिरल्यावर कुठे धावपळ करू? आत्ताच करून ठेवते." आत्ता म्हणजे भर वैशाखात. नळाला थेंब नाही, आम्ही टँकरखाली हंड्यांवरून भांडतो आहोत, आणि माझ्या हॉलमध्ये पूरग्रस्त बसल्या आहेत. भागीरथीकाकूंची (म्हणजे त्या सासूबाईंची) गादी नेमकी देवघरासमोर. मी पोथी घेतली की मागून, "बनू, ओवी गाळलीस." एकादशीला खिचडी दोनदा घेतात, वर सांगतात की आमच्यात कूट सढळ असतं. ह्यांनी बनियनवर वावरणं सोडलं, पेपर घेऊन गॅलरीत बसतात. धर्मराजभाऊंना सांगितलं तर म्हणे, "वहिनी, आपत्ती सांगून येत नाही." माझी तर जेवणाची वेळ विचारून आली! आणि मुक्काम पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे थेट दसरा.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी बनू

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. मला एक पोस्टकार्ड पाठव. पाकीट नको, पोस्टकार्डच, कारण बकुळाचा नवरा खालच्या पेटीतून टपाल काढतो आणि वर आणेपर्यंत वाचतो. मोठ्या अक्षरात लिही की तुम्ही सहा जण दोन महिने राहायला येताय. येऊ नका, नुसतं लिहा. (खोट्याचं पाप माझ्या माथी. मी एक शनिवार जास्त धरीन.)

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. पोस्टकार्ड नको. काल दुपारी आमच्या दाराबाहेरच्या मीटरच्या पेटीतून धूर आला आणि मी शिट्टी फुंकली. झालं! शिकवल्याप्रमाणे अख्खा तळमजला वर धावला आणि आम्ही खाली. मधल्या वळणावर सगळे अडकलो. माझ्या पदरात देव, भागीरथीकाकूंच्या काखेत साबुदाण्याचा डबा (माझा), आणि धर्मराजभाऊ ओरडताहेत, "शिस्तीत वर चला!" आगीचं समितीत कोणी काढलंच नव्हतं. शेवटी बकुळा फाटकाशी गेली आणि वाळूची गोणी ओढत, आम्हाला कोपरांनी बाजूला सारत वर पोचली. तिने पेटी विझवली. आमचा हॉल काळाठिक्कर, तिचं मशीनही. वीज तोडली आहे. आम्ही दोघं बकुळाकडे तळमजल्यावर आहोत. मशीनबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. भागीरथीकाकूंनी स्वतःची खाट मला दिली. खर्चाचं ते पान मी वहीतून फाडलं (मागची बाजू कोरी होती, तिच्यावरच हे लिहिते आहे, तू उलटून बघू नकोस).

आज सकाळी बकुळाने नवऱ्याकडून एक पोस्टकार्ड आणवलं. कोणाला लिहिते ते दाखवत नाही. मोठ्या अक्षरात लिहिते आहे, एवढं दिसलं.

तेव्हा आक्का, तुझ्याकडे दोन माणसांची काही दिवस सोय होईल का, ते उलट टपाली कळव. पाकिटातून.